खडखड आणि कंप कमी करायचा तर: गाडीत डॅम्पिंग शीट लावण्याचा नेमका क्रम

पांदण रस्त्यावर, उखडलेल्या गिट्टीवर रोज चालणाऱ्या गाडीत दोन जातींचे आवाज असतात. एक पत्र्याचा. दाराचा किंवा डिकीचा मोठा सपाट पत्रा हादऱ्याने डब्यासारखा वाजतो, त्याची घुमघुम डोक्यात बसते. दुसरा सुट्या भागांचा. सैल क्लिप, लॉकची सळई, वायरिंग, स्टेपनी, नंबरप्लेट एकमेकांवर आपटतात आणि खडखड, टरटर, कुरकुर ऐकू येते. डॅम्पिंग शीट फक्त पहिल्या आवाजावर चालते. ती पत्र्याला चिकटते आणि पत्रा थरथरला की आतलं रबर ती थरथर खाऊन टाकतं. सैल क्लिपवर ती काही करत नाही. म्हणून चारही दारं शीटने मढवूनही खडखड तशीच राहते आणि माणूस म्हणतो, मालच खोटा निघाला. माल बहुतेक वेळा ठीक असतो, क्रम चुकलेला असतो.

क्रम असा: आधी आवाज शोधा, मग पत्रा स्वच्छ करा, मग शीट लावा, मग सैल ते घट्ट करा, आणि पॅड, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं आवरण, बंद करण्याआधी तपासा. हॅचबॅकची चार दारं आणि डिकी घरी करायची तर दोन पूर्ण दिवस हाताशी ठेवा. एका दिवसात उरकायला गेलात तर घाई साफसफाईतच होते.

१. आवाज कुठून येतो ते आधी ठरवा

गाडी पूर्ण रिकामी करा. दारातल्या बाटल्या, डॅशबोर्डच्या कप्प्यातले पाने, सीटखालची छत्री, डिकीतली दोरी आणि बियाण्याची रिकामी पोती, सगळं बाहेर. जॅक त्याच्या जागेवर आवळा, स्टेपनीचा बोल्ट हाताने फिरत नाही ना बघा. पुष्कळ गाड्यांची निम्मी खडखड इथेच जाते.

मग ओळखीचा एक खराब रस्ता निवडा, साधारण अर्धा किलोमीटर. गाडी दुसऱ्याला चालवायला द्या, वेग २० ते ३० ठेवायला सांगा, पंखा आणि गाणी बंद. तुम्ही बाजूला, मग मागे बसा आणि एकेक भाग तळहाताने दाबून धरा: दाराचं पॅड, खांबाचं प्लास्टिक, मागचा ट्रे, सीटबेल्टचं बक्कल. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो, तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. शेवटी त्याच रस्त्यावर, त्याच वेगात मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. काम झाल्यावर तुलना करायला तेवढाच भरवशाचा पुरावा असतो.

काही आवाज शीटच्या कामाचे नसतातच. ते आधी वेगळे काढा:

- छोट्या खड्ड्यात चाकापाशी टक-टक होते: लिंक रॉड, लोअर आर्मचा बुश किंवा शॉकअपचं वरचं माउंटिंग. मेकॅनिककडे जा.
- गाडी उभी असताना, एसी चालू केल्यावर स्टेअरिंग आणि सीट थरथरते: इंजिन माउंटिंग तपासून घ्या.
- ८० ते १०० च्या वेगात स्टेअरिंग हलतं: चाकांचं बॅलन्सिंग.
- ठरावीक रेसला गाडीखालून झणझण येते आणि रेस बदलली की थांबते: सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा सैल झाला आहे.
- काच अर्धी खाली असताना खुळखुळते, पूर्ण बंद केल्यावर थांबते: काच ज्या रबरी खाचेतून चालते ती झिजली आहे.
- दार वळणावर कुरकुरतं: बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेचं रबर, कोरडं पडलं आहे. ओल्या कापडाने धूळ पुसा, वाळू द्या आणि सिलिकॉन ग्रीस किंवा सिलिकॉन स्प्रे लावा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका. त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

टायरची हवाही बघा. दाराच्या चौकटीवर कंपनीने जो आकडा दिलेला असतो, त्यापेक्षा चार-पाच पौंड जास्त हवा असेल तर प्रत्येक खडा आत जाणवतो.

तपासणी: टेप चिकटवलेल्या जागांची यादी कागदावर उतरवली का? ती यादी हातात नसेल तर पॅड उघडू नका.

२. सामान: काय घ्यायचं आणि काय नाही

शीट ब्युटाइल रबराची घ्या, जाडी २ मिमी, वर ॲल्युमिनियमचा थर. हा थर साधारण ०.१ मिमी तरी असावा. नखाने दाबल्यावर लगेच चिरणारा पातळ थर उपयोगाचा नाही, कारण रबराला वरून धरून ठेवण्याचं खरं काम तोच करतो. वजन चौरस मीटरला साधारण साडेतीन किलो भरतं.

छताची गळती थांबवायला विकली जाणारी डांबरी पट्टी दिसायला अगदी अशीच असते आणि स्वस्त पडते. ती आपल्याकडे अजिबात चालत नाही. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. डांबर मऊ होऊन खाली सरकतं, दाराच्या तळातली पाणी जाण्याची भोकं बुजवतं, आणि गाडीत वास राहतो.

विकत घेण्याआधी नमुन्याचा तळहाताएवढा तुकडा मागा. घरी आणून लोखंडी दारावर किंवा पेटीवर उभा चिकटवा आणि दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी जागेवरून सरकला असेल, कडेने काळा ओघळ आला असेल किंवा डांबराचा वास येत असेल, तर तो माल परत करा.

छोट्या हॅचबॅकला चार दारं, मागचं दार आणि डिकीचा तळ मिळून अडीच चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७ चौरस फूट शीट पुरते. गाडीचं वजन ९ किलोच्या आसपास वाढतं. दुप्पट घेण्याची गरज नाही, कारण पुढे येईल.

याशिवाय लागेल ते:

- बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा फोम, ५ मिमी, चिकट पाठीचा. एसीच्या पाइपवर गुंडाळलेला काळा नायट्रिल रबर फोम याच जातीचा असतो.
- वायरिंगवर गुंडाळायची लव असलेली कापडी टेप, दोन रोल.
- दाराच्या पॅडच्या जादा क्लिपा, १२ ते १५. तुमच्याच मॉडेलच्या घ्या. जुन्या गाडीत काही क्लिपा तुटणारच, आणि तालुक्याला त्या लगेच मिळतील असं धरू नका.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, अर्धा लिटर. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतं.
- छोटा रोलर, कटर, जाड हातमोजे, पॅड उचकटायची प्लास्टिकची पट्टी, १० नंबरचा पाना, स्टार स्क्रू ड्रायव्हर, मास्किंग टेप, टॉर्च.

हातमोजे टाळू नका. कापलेल्या ॲल्युमिनियमची धार ब्लेडसारखी लागते आणि दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडाही तशाच.

सावधान: दारात स्पंज, बारदाना, थर्माकोल किंवा गादीचा कापूस कोंबू नका. दाराच्या आत प्रत्येक पावसात पाणी येतं, ते तसंच रचलेलं असतं. स्पंज ते पाणी धरून ठेवतो आणि दार खालून गंजतं. शेतात किंवा गोठ्याजवळ गाडी उभी राहत असेल तर कापूस आणि बारदान्यात उंदीर घर करतात, मग वायरिंगही कुरतडलं जातं.

३. दिवस आणि जागा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पहाटेच्या गारठ्यात ब्युटाइल कडक असतं, नीट बसत नाही, म्हणून ऊन वर आल्यावर, दहाच्या पुढे सुरू करा. शीट पंधरा मिनिटं उन्हात ठेवली की हाताला मऊ लागते. उन्हाळ्यात करावंच लागलं तर सकाळी सहा ते नऊ, सावलीत. पत्र्यावर हात ठेवून चटका बसत असेल तर थांबा, कारण इतकं मऊ झालेलं रबर हातात ताणतं आणि चुकीच्या जागी चिकटलं की सोलून निघत नाही. पावसाळ्यात दाराच्या आत ओल असते, तेव्हा हे काम टाळलेलंच बरं.

गाडी आदल्या दिवशी धुवा. अंगणात काम करणार असाल तर आधी सडा टाका आणि जमीन वाळू द्या. उडालेली धूळ सोललेल्या चिकट बाजूवर बसली की तो तुकडा गेला.

४. दाराचं पॅड काढणं

काच पूर्ण वर करा. मग चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा आणि दहा मिनिटं थांबा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगचे असतात. सीटखाली, खांबात किंवा दारात असे दिसले तर ते सोडू नका, त्यांच्यावर किंवा त्यांच्या आजूबाजूला काही चिकटवूही नका.

स्क्रू सहसा तीन ठिकाणी लपलेले असतात: आतल्या हँडलच्या वाटीत, हात टेकवायच्या जागेच्या खोबणीत आणि आरशामागच्या तिकोनी झाकणाखाली. सगळे निघाल्याची खात्री झाल्यावर खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची पट्टी घाला, अगदी क्लिपच्या शेजारी, आणि एकेक क्लिप सोडवत जा. मधून ओढलं तर पॅड तडकतं. क्लिपा सुटल्या की पॅड वर उचलून काढा, पण झटक्यात नाही. मागे काचेच्या बटणाचा कनेक्टर आणि लॉकची केबल असते. पॅड त्यांच्यावर लोंबकळू देऊ नका.

प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. पुठ्ठ्यावर दाराचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी खोचून ठेवला की परत बसवताना लांब स्क्रू आखूड जागी जात नाही.

पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट दोरीने लावलेला दिसेल. बहुतेक जण तो फाडून फेकतात, आणि पहिल्याच पावसात पायाखालचा गालिचा भिजतो. हा कागद दारातलं पाणी आत येऊ देत नाही. तो हळू सोडवा, चिकट बाजूला धूळ लागू देऊ नका, आणि पूर्ण काढण्यापेक्षा एका कडेला दुमडून टेपने धरून ठेवा.

५. साफसफाई

अर्धा वेळ याला द्या. आपल्याकडची काळ्या मातीची आणि मुरमाची धूळ दाराच्या आत पिठासारखी बसलेली असते. शीट त्या धुळीला चिकटते, पत्र्याला नाही. दोन-तीन महिन्यांत सुटते आणि मग तीच काचेवर घासायला लागते.

आधी कोरड्या ब्रशने झाडा आणि जमल्यास व्हॅक्यूमने ओढून घ्या. मग ओलसर कापड, मग पूर्ण वाळू द्या. शेवटी अल्कोहोल: एका कापडाने लावा आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसा. एकच कापड फिरवत राहिलं तर मळ इकडचा तिकडे होतो. पेट्रोल, रॉकेल, डिझेल वापरू नका. ते तेलकट थर मागे सोडतात, आणि बंद दारात पेट्रोलची वाफ साठणं धोक्याचं असतं. थिनरने रंग सुटतो. अल्कोहोलही पेटतं, त्यामुळे दारं उघडी ठेवा आणि जवळ बिडी-सिगारेट नको.

दाराच्या तळाशी, पत्र्याच्या जोडावर तपकिरी मेणासारखा थर दिसतो. तो गंज रोखण्यासाठी आहे, तिथेच राहू द्या. जिथे तुकडा बसणार फक्त तेवढीच जागा साफ करा. गंजाचा ठिपका दिसला तर पॉलिश पेपरने घासा, प्राइमर लावा आणि पूर्ण वाळल्यावरच पुढे जा. गंजावर शीट लावली तर तो आतून वाढत राहतो आणि बाहेर रंग फुगेपर्यंत कळत नाही.

तपासणी: साफ केलेल्या जागेवर मास्किंग टेप दाबून चिकटवा आणि ओढून काढा. टेपवर धुळीचा ठसा उठला तर पुन्हा पुसा. कोरी निघाली तर पुढे.

६. शीट लावणं

बोटाच्या पेराने पत्रा ठोकत जा. मधल्या सपाट भागात टण्ण असा लांबणारा आवाज येतो, घडीजवळ आणि कडेला तो आपोआप बसका होतो. सगळ्यात जास्त वाजणारी जागा खडूने खूण करा. शीट तिथे हवी.

साधारण २० बाय २५ सेंमीचे तुकडे कापा. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, पुढच्या दारात तीन आणि मागच्या दारात दोन पुरतात. पत्र्याचा पाव भाग झाकला की घुमणं बहुतेक जातं. पुढचा प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा कमी फरक पाडतो, आणि वजन व खर्च मात्र तेवढाच वाढवतो. संपूर्ण पत्रा मढवण्याचा आग्रह सोडून द्या.

तुकडा दाराच्या पोकळीतून आत नेताना मागचा कागद फक्त दोन बोटं सोला, वरची कड चिकटवा, मग उरलेला कागद खाली ओढत हाताने दाबत या. नंतर रोलर, मधून कडेकडे, सगळ्या जोराने. शीटवर उठावाची नक्षी असते. ती सपाट होईपर्यंत रोलर फिरवायचा, हीच खूण. फुगा राहिला तर ब्लेडच्या टोकाने टोचा आणि हवा काढून दाबा. रोलर पोहोचत नाही तिथे लाकडी मुठीचं गोल टोक चालतं.

आता पुन्हा ठोका. टण्णचं थप झालं पाहिजे. नाही झालं तर तुकडा नीट दाबला गेलेला नाही. लगेच दुसरा लावू नका, आधी पहिलाच दाबा.

दाराच्या आत आडवी लोखंडी नळी किंवा पट्टी असते, अपघातात वाचवणारी. तिच्या आणि बाहेरच्या पत्र्याच्या मध्ये कंपनीने मऊ लुकणाचे गोळे भरलेले असतात. जुन्या गाडीत ते वाळून सुटतात आणि दार लावताना पत्र्याचा हलका आवाज येतो. शीटचा तुकडा गुंडाळून त्याची छोटी वळकटी त्या फटीत अलगद बसवा. जोराने कोंबली तर बाहेरून पत्र्याला टेंगूळ दिसेल.

या जागा मोकळ्या ठेवा: दाराच्या तळाची भोकं, काच उतरते तो मार्ग, काचेची मशीन आणि तिच्या भोवतीचे २ सेंमी, लॉकच्या सळया आणि दारातला कोणताही सेन्सर. काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा सेन्सर दारातल्या हवेच्या दाबावर चालतो. म्हणून आतल्या पत्र्याची मोठी भोकं शीटने कायमची बंद करू नका. उद्या काचेची मशीन बदलायची वेळ आली तरी तीच भोकं लागतात. आतल्या पत्र्यावर, स्पीकरच्या आजूबाजूला एक-दोन तुकडे पुरे.

पाण्याची तपासणी: काचेच्या बाहेरून, खालच्या रबराशी तांब्याभर पाणी हळूहळू ओता. मिनिटभरात ते दाराच्या तळातून ठिबकायला हवं. नसेल तर भोक बुजलं आहे, ते आत्ताच मोकळं करा.

७. खडखड मारणं

आता पहिल्या टप्प्याची यादी घ्या. पॅडच्या मागे सुटं लोंबणारं वायरिंग कापडी टेपने गुंडाळा आणि मूळ पकडीत परत बसवा. लॉकची सळई जिथे पत्र्याला लागते तिथे टेपचा एक वेढा द्या, पण सळईची हालचाल अडता कामा नये. स्पीकरचे स्क्रू आवळा आणि त्याच्या कड्याखाली फोमची पट्टी द्या. प्लास्टिक प्लास्टिकला घासून चकचकीत झालेली जागा दिसली की तिथे कापडी टेप लावा. कुरकुर तिथूनच येते, आणि ही चकाकी टॉर्च आडवी धरली की लगेच दिसते. सैल झालेली प्रत्येक क्लिप बदला.

पॅडच्या पाठीवर फोम फक्त पत्र्याला टेकणाऱ्या जागी लावा. सगळीकडे लावला तर क्लिपा पूर्ण बसत नाहीत, पॅड फुगतं आणि नवी खडखड सुरू होते.

डिकीत पाच गोष्टी बघा. नंबरप्लेटच्या मागे चारही कोपऱ्यांत फोमचे ठोकळे. मागच्या दाराचे रबरी ठोकळे फिरवून थोडे बाहेर काढा, म्हणजे दार लावल्यावर घट्ट बसतं. मागच्या सीटचं कुलूप ज्या लोखंडी कडीत अडकतं त्या कडीवर टेपचा एक वेढा. मागचा ट्रे टेकतो तिथे टेप. आणि स्टेपनीच्या खड्ड्यात व चाकांच्या कमानींवर शीट, कारण उडणाऱ्या खड्यांचा मारा तिथेच ऐकू येतो. तळातली रबरी बुचं झाकू नका. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर तिचे पट्टे, व्हॉल्व्ह आणि वायू बाहेर नेणारी नळी यांना हात लावायचा नाही.

छताचं काम घरी करू नका. अस्तर उतरवताना मोडतं, आणि पुष्कळ गाड्यांत कडेने पडद्याची एअरबॅग असते. बॉनेटच्या आतून आणि सायलेन्सरच्या आसपास फोम किंवा शीट अजिबात नको, तिथे आगीचा धोका आहे. शीटने गाडी थंड राहील ही अपेक्षाही ठेवू नका. पॅडखाली दबलेला चकाकता थर ऊन परतवत नाही.

८. बंद करणं आणि पुन्हा ऐकणं

प्लास्टिकचा कागद जुन्याच चिकट दोरीवर दाबून बसवा. त्याची खालची कड दाराच्या पोकळीत आत गेली पाहिजे, म्हणजे पाणी आतच पडतं. ही कड बाहेर राहिली की गालिचा भिजतो. कागद फाटला असेल तर जाड पॉलिथिन त्याच आकारात कापून ब्युटाइलच्या पट्टीने लावा.

पॅड दाबण्याआधी बटणाचा कनेक्टर जोडा, बॅटरीची तार जोडा, काच तीन वेळा खाली-वर करा आणि दार उघडं ठेवून लॉक चालवून बघा. उघड्या दाराचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने दाबून अडकवलं असेल तर हँडल ओढून ते सोडा, नाहीतर दार आपटताना मोडेल. काच घासल्याचा आवाज आला तर आत्ताच शोधा. बॅटरी काढल्यामुळे काही गाड्यांत काचेचं एका दाबात वर जाणं बंद पडतं. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की बहुधा परत सुरू होतं.

एक दार पूर्ण करा, त्याच रस्त्यावर चालवून ऐका, मगच दुसरं उघडा. चारही पॅड एकदम काढून बसलात तर चूक कुठल्या दारात झाली ते कळत नाही. मोठा आवाज गेल्यावर आधी दबलेले बारीक आवाज ऐकू येऊ लागतात, त्यामुळे नवी कुरकुर म्हणजे काम बिघडलं असं लगेच समजू नका. पुन्हा हाताने दाबून शोधा, टेप लावा.

पहिल्या जोरदार पावसानंतर पुढच्या गालिच्याखाली हात घालून ओल बघा. आणि पहिल्या मे महिन्यानंतर एका दाराचं पॅड काढून तुकड्यांच्या कडा तपासा. सुटलेली कड रोलरने परत बसली तर ठीक. त्याखाली धूळ दिसली तर तो तुकडा काढा, जागा पुसा आणि नवा लावा.